परतूरचा मतदार आणि स्थानिक स्वराज्याच्या निवडणुका

मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर जालना मागे टाकून परभणीकडे निघालेली गाडी ज्या स्थानकांवर थांबते, त्यांत परतूर हे एक. जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे हे तालुक्याचे ठिकाण. येथील मतदाराचा राजकीय पत्ता मोठा गुंतागुंतीचा आहे. जिल्हा जालना, विधानसभा मतदारसंघ परतूर. लोकसभेचे मत मात्र तो परभणी मतदारसंघात देतो. हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे, कारण १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत परतूर हा परभणी जिल्ह्याचाच तालुका होता. मात्र गटार कोणी काढायचे, दिवाबत्ती कोणी करायची, शाळेच्या खोलीवर पत्रे कोणी टाकायचे, हा प्रश्न आला की दिल्ली आणि मुंबई दूर राहतात. तेथे संबंध येतो तो नगरपरिषद, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत या चार संस्थांशी. या संस्थांच्या निवडणुका कशा होतात, त्या कोणत्या कायद्याने होतात आणि गेल्या काही वर्षांत त्या का रखडल्या, याची माहिती रोजच्या बातम्यांच्या धबडग्यात सलगपणे क्वचितच हाती लागते.

निजामी मुलखातील उशिराची सुरुवात

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून ब्रिटिश हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. मराठवाड्याला तो इतिहास लागू पडत नाही. परतूरसह सारा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता आणि सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच येथे लोकनियुक्त कारभाराची खरी वाट मोकळी झाली. हैदराबाद राज्याने १९५५ आणि १९५६ मध्ये जिल्हा मंडळे, जिल्ह्यांतील नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांसाठी कायदे केले. ते अंगी मुरण्याआधीच १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

परिणामी नव्या राज्याच्या हाती तीन प्रकारची घरे आली. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई इलाख्याचे कायदे, विदर्भात मध्य प्रांताचे आणि मराठवाड्यात हैदराबादचे. त्यांची एकजिनसी घडण करण्यासाठी वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवरून जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ मध्ये झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुका पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने सत्तेचे केंद्र जिल्ह्यात ठेवले. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेला पुढे जे वजन आले आणि तिच्या अध्यक्षपदासाठी जी चुरस होते, तिचे मूळ या एका निर्णयात आहे. शहरांसाठी १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आला आणि हैदराबादचा नगरपालिका कायदा इतिहासजमा झाला. ग्रामपंचायतींचा कायदा मात्र १९५८ चा, म्हणजे राज्यनिर्मितीच्याही आधीचा आहे.

कोण कोणाला मत देतो?

येथे नेहमी एक गैरसमज आढळतो. परतूर शहरात राहणारा मतदार जिल्हा परिषदेसाठी मत देत नाही. तो फक्त नगरपरिषदेचा मतदार. उलट तालुक्यातील आष्टी किंवा वाटूर येथील मतदाराच्या वाट्याला तीन संस्था येतात: गावची ग्रामपंचायत, परतूरची पंचायत समिती आणि जालन्याची जिल्हा परिषद. पंचायत समितीचे कार्यालय शहरात असते, तिच्या इमारतीवरून शहरवासी रोज जातो, पण तिच्या सभापतीशी त्याच्या मताचा संबंध नसतो.

जिल्हा परिषदेसाठी ग्रामीण भागाचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचे दोन गण. गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य, तर गणातून पंचायत समितीचा एक सदस्य निवडला जातो. म्हणून ग्रामीण मतदार एकाच दिवशी, एकाच केंद्रावर दोन मते देतो. अध्यक्ष आणि सभापती यांची निवड सदस्यांतून होते आणि त्यांची मुदत अडीच वर्षांची असते. निकालानंतर सदस्यांना सहलीवर नेण्याचा जो प्रकार दर वेळी गाजतो, तो याच अप्रत्यक्ष निवडीमुळे. सर्वांत मोठा पक्ष सत्तेत येईलच असे नसते. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत जालना जिल्हा परिषदेत भारतीय जनता पक्षाचे सदस्य सर्वाधिक निवडून आले, पण अध्यक्षपद मिळाले शिवसेनेला आणि तेही राष्ट्रवादी काँग्रेस व काँग्रेसच्या साथीने. राज्यात तशा आघाडीचे सरकार येण्यास तेव्हा आणखी पावणेतीन वर्षे होती.

ग्रामपंचायतीची तऱ्हा वेगळी. सात ते सतरा सदस्य, वॉर्डांची विभागणी आणि पक्षचिन्हांना मज्जाव. पक्ष नसतात असे नव्हे, पण ते पॅनेलच्या नावाआड असतात. त्यामुळे ग्रामपंचायतींच्या निकालानंतर प्रत्येक पक्ष आपापला आकडा जाहीर करतो आणि सर्वांची बेरीज केली तर ती एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. गावात निवडणूक बिनविरोध व्हावी असा एक प्रवाह पूर्वापार आहे. भांडणे टळतात, खर्च वाचतो, हे त्यामागचे कारण. मात्र या बिनविरोधाची दुसरी बाजूही उघडकीस आली आहे. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा व सदस्यपदांचा जाहीर लिलाव झाल्याचे निष्पन्न झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुकाच रद्द केल्या.

नगराध्यक्ष कोणाचा?

नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार अ, ब आणि क असे तीन वर्ग आहेत. एक लाखाहून अधिक वस्तीची अ, चाळीस हजारांहून अधिक वस्तीची ब आणि पंचवीस ते चाळीस हजारांची क. परतूर क वर्गात मोडते. दहा ते पंचवीस हजारांच्या वस्तीसाठी नगरपंचायत असते. शेजारच्या मंठ्याची गणना त्यात होते. जालना शहराने तर नगरपरिषदेची पायरीही ओलांडली असून २०२३ मध्ये तेथे महानगरपालिका झाली.

नगराध्यक्ष जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, या प्रश्नावर महाराष्ट्राने जितक्या वेळा मत बदलले तितक्या वेळा क्वचितच कोणत्या राज्याने बदलले असेल. २००१ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. २००६ मध्ये ती पद्धत गुंडाळण्यात आली. २०१६ मध्ये ती पुन्हा आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये तिसऱ्यांदा आली. सरपंचाच्या थेट निवडीचेही तेच: २०१७ मध्ये सुरू, २०२० मध्ये बंद, २०२२ मध्ये पुन्हा सुरू. प्रत्येक बदलाला तत्त्वाचे नाव देण्यात आले. पण बदल आणि राज्यातील सत्तांतर यांच्या तारखा शेजारी ठेवल्या तर वेगळे काही सांगण्याची गरज उरत नाही.

थेट निवडीचा लाभ उघड आहे. नगराध्यक्षाला पाच वर्षे खुर्चीची शाश्वती मिळते आणि चार-दोन नगरसेवकांच्या रुसव्याफुगव्यावर गावाचा कारभार अडत नाही. तोटाही तितकाच खरा. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती आली तर ठराव अडतात, विषय समित्या विरोधकांच्या हाती जातात आणि मुख्याधिकाऱ्याला दोन धन्यांची मर्जी सांभाळावी लागते. अनेक ठिकाणी मतदार नगराध्यक्षासाठी एका पक्षाला आणि नगरसेवकासाठी दुसऱ्याला मत देतो. तो चुकत नाही. नगराध्यक्षपदाला तो गावाचा चेहरा पाहतो आणि नगरसेवकपदाला गल्लीतला माणूस.

सध्याच्या पद्धतीत नगरपरिषदेचे प्रभाग साधारणपणे दोन सदस्यांचे असतात. म्हणजे परतूरच्या मतदाराने तीन मते द्यावयाची: दोन नगरसेवकांना आणि एक नगराध्यक्षाला. दोन्ही जागांवर वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार निवडण्याची त्याला मुभा आहे. निवडून आलेल्यांखेरीज काही सदस्य स्वीकृत म्हणून घेतले जातात. ते सभेत बोलू शकतात. मत देण्याचा अधिकार त्यांना नाही.

सोडत, यादी आणि अर्ज

मतदानाच्या किती तरी महिने आधी निवडणुकीचा अर्धा निकाल लागलेला असतो असे जाणकार म्हणतात. त्याचे कारण प्रभागरचना आणि आरक्षणाची सोडत. प्रभाग आखताना जनगणनेच्या प्रगणक गटांचा आधार घेतला जातो. २०२१ ची जनगणना न झाल्याने २०२५ च्या निवडणुकांनाही २०११ चीच लोकसंख्या धरावी लागली. चौदा वर्षांत गावाबाहेर उभ्या राहिलेल्या वसाहती मतदार यादीत आहेत, पण प्रभागरचनेच्या हिशेबात नाहीत, असे त्यामुळे होते. परिणामी एका प्रभागात मतदार दाटीवाटीने आणि शेजारच्यात विरळ.

अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, इतर मागास प्रवर्गाला २७ टक्क्यांपर्यंत आणि प्रत्येक प्रवर्गात निम्म्या जागा महिलांना, असे आरक्षणाचे सूत्र आहे. महिलांचा वाटा आधी एक तृतीयांश होता. २०११ मध्ये महाराष्ट्राने तो निम्मा केला. सोडत जाहीर सभागृहात, बहुधा शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढून होते. एका चिठ्ठीने पाच वर्षे तयारी केलेल्या माणसाचा प्रभाग हातचा जातो. मग घरातील स्त्रीचे नाव पुढे येते. ‘सरपंचपती’ आणि ‘नगरसेवकपती’ हे शब्द मराठीला या व्यवस्थेने दिले. त्याच व्यवस्थेतून स्वतःच्या बळावर पुढे आलेल्या आणि दुसऱ्या वेळी खुल्या जागेवरून लढलेल्या स्त्रियाही आहेत. त्यांची बातमी होत नाही एवढेच.

राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार यादी करीत नाही. विधानसभेचीच यादी ठरावीक दिनांकाची घेऊन ती प्रभागांनुसार फोडली जाते. २०२५ साठी हा दिनांक १ जुलै होता. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी जे थोडे दिवस मिळतात त्यांत यादी पाहण्याची तसदी बहुतेक मतदार घेत नाहीत आणि मतदानाच्या दिवशी नाव शेजारच्या प्रभागात गेल्याचे त्यांना कळते. त्या वर्षी दुबार नावांवरून मोठे वादळ उठले. अखेर संशयित नावांपुढे दोन तारांकनांची खूण करून, असा मतदार कोठे मत देणार हे त्याच्याकडून लिहून घेण्याचा मार्ग आयोगाने काढला.

उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यसंख्या दोनहून अधिक झाली तर तो अपात्र ठरतो. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते वेळेत सादर न केल्यास निवडून आल्यानंतरही पद जाते. ग्रामपंचायतींमध्ये या एका कारणाने किती तरी सदस्य घरी बसले आहेत. खर्चालाही मर्यादा आहे. २०२५ च्या निवडणुकीत क वर्ग नगरपरिषदेसाठी ती नगराध्यक्षपदाला साडेसात लाख आणि सदस्यपदाला अडीच लाख रुपये होती. ज्यांनी तालुक्याच्या गावची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यांना हे आकडे वाचून हसू आल्यावाचून राहणार नाही.

यंत्रावर ‘नोटा’चा पर्याय असतो. सर्वाधिक मते ‘नोटा’ला मिळाली तर फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांत अशी तरतूद नाही.

तेरा वर्षे आणि पुन्हा चार वर्षे

निवडणुका लांबण्याचा रोग नवा नाही. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७ आणि १९७२ मध्ये झाल्या. त्यानंतर १९७९ मध्ये झाल्या आणि मग थेट १९९२ मध्ये. म्हणजे १९७९ मध्ये पहिल्यांदा मत देणारा तरुण पुढचे मत देईपर्यंत चौतिशीकडे झुकला होता. देशभर हीच कथा असल्याने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. १९९३ मध्ये त्या अमलात आल्या. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे बंधनकारक झाले आणि त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाची तरतूद झाली. महाराष्ट्रात हा आयोग एप्रिल १९९४ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर पाव शतक गाडी रुळावर राहिली. जिल्हा परिषदा १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ आणि नगरपरिषदा २००१, २००६, २०११, २०१६, असे वेळापत्रक लोकांना तोंडपाठ झाले. २०१६ ची निवडणूक तर नोटाबंदी जाहीर झाल्यावर अवघ्या तीन आठवड्यांच्या आत सुरू झाली. तरीही ती पुढे ढकलावी असे झाले नाही.

मोडता घातला तो आरक्षणाच्या वादाने. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात निर्णय दिला. इतर मागास प्रवर्गाला स्थानिक संस्थांत आरक्षण द्यायचे तर समर्पित आयोग नेमून मागासलेपणाचा अभ्यास करावा, संस्थानिहाय प्रमाण ठरवावे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांवर जाऊ देऊ नये, या तीन कसोट्या त्यात होत्या. पुढे बांठिया आयोग नेमला गेला, जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल न्यायालयापुढे आला, प्रभागरचनेचे कायदे बदलले गेले, त्यांनाही आव्हान मिळाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला. परतूरसह राज्यातील नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली होती, जिल्हा परिषदांची मार्च २०२२ मध्ये. तेथे प्रशासक बसले.

प्रशासक वाईटच असतो असे नाही. काही ठिकाणी करवसुली सुधारली, काही ठिकाणी टक्केवारीची ओरड कमी झाली. पण रात्री साडेनऊ वाजता नळाला पाणी आले नाही म्हणून ज्याच्या दारात जाऊन उभे राहावे असा माणूस गावात उरला नाही. नगरसेवकाला लोक शिव्या देतात हे खरे, परंतु शिव्या देता येणे हीसुद्धा एक सोय असते. केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीसाठी लोकनियुक्त संस्था असण्याची अट असल्याने पैशाचाही प्रश्न उभा राहिला. आणखी एक परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. विधान परिषदेच्या औरंगाबाद-जालना स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य हेच मतदार असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथून निवडून आलेले अंबादास दानवे यांची सहा वर्षांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली, तेव्हा नवा आमदार निवडण्यासाठी पुरेसे मतदारच शिल्लक नव्हते.

अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. आरक्षण बांठिया अहवालापूर्वीच्या स्थितीनुसार ठेवावे, असेही स्पष्ट केले. ती मुदत टळली आणि १६ सप्टेंबरला ३१ जानेवारी २०२६ ही अंतिम तारीख मिळाली. आयोगाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. ६,८५९ सदस्य आणि २८८ अध्यक्ष निवडायचे होते. परतूरसह बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झाले. दुसऱ्या दिवशी मोजणी व्हायची होती. परंतु न्यायालयीन अपिलांमुळे काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरला ढकलले गेले होते, म्हणून सर्वांची मोजणी एकत्र २१ डिसेंबरला करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मतदानाच्याच दिवशी दिला. मतदान यंत्रे एकोणीस दिवस कुलपात राहिली. आणलेला गुलाल आणि फटाके कार्यकर्त्यांना तितके दिवस घरात सांभाळावे लागले. चाळीस नगरपरिषदा आणि सतरा नगरपंचायतींत आरक्षण पन्नास टक्क्यांच्या पलीकडे गेले होते. तेथील निकाल न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील असे ठरले. जालना जिल्हा परिषदेवर मात्र २०२५ सरतानाही प्रशासकच होते.

ओंटारिओची तारीख

कॅनडातील ओंटारिओ प्रांताशी तुलना केली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. तेथील नगरपालिकांना घटनेचे संरक्षण नाही. त्या पूर्णतः प्रांतिक सरकारच्या मर्जीवर आहेत. २०१८ मध्ये टोरांटोत प्रचार सुरू झालेला असताना प्रांतिक सरकारने नगरसेवकांची संख्या ४७ वरून २५ केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारची बाजू ग्राह्य मानली. असे असूनही मतदान ठरल्या दिवशी, २२ ऑक्टोबर २०१८ रोजीच झाले. ओंटारिओत दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी सर्व नगरपालिकांची आणि शाळा मंडळांची निवडणूक होते. तारीख कायद्यातच असल्याने ती जाहीर करण्यासाठी कोणाला पत्रकार परिषद घ्यावी लागत नाही. आपल्याकडे घटनेचे कवच आहे, पण तारीख नाही; त्यांच्याकडे तारीख आहे, पण कवच नाही.

उमेदवाराच्या नावापुढे तेथे पक्षाचे नाव नसते. मत देण्यासाठी कॅनडाचे नागरिकत्व लागते. त्यामुळे ब्रॅम्प्टन वा मिसिसागा येथे अनेक वर्षे कर भरणाऱ्या, परंतु भारतीय पारपत्र ठेवलेल्या मराठी कुटुंबाला महापौर निवडता येत नाही. उलट ज्या नागरिकाची दुसऱ्या गावात मालमत्ता आहे, तो त्या गावच्याही निवडणुकीत मत देऊ शकतो. आपल्याकडे घर दोन गावांत असले तरी मत एकाच ठिकाणी असावे लागते. परतूर परिसरातील कित्येक जण पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात कामाला असतात, पण मतदार यादीतील नाव गावीच ठेवतात. मतदानाच्या आदल्या रात्री त्यांच्यासाठी गाड्या सुटतात, भाडे कोण देते हे सर्वांना ठाऊक असते आणि थोड्या मतांनी लागणारे निकाल अशा गाड्यांवर फिरतात. ऊसतोडीला गेलेल्यांची कथा निराळी. हिवाळ्यात निवडणूक आली की त्यांची घरे बंद असतात. ग्रामपंचायतीचा उमेदवार ऐपत असेल तर त्यांना फडावरून आणतो, नसेल तर त्यांच्या मतांवर पाणी सोडतो.

ओंटारिओत २०२२ मध्ये जेमतेम एक तृतीयांश मतदार घराबाहेर पडले. तालुक्याच्या गावात अशी वेळ सहसा येत नाही. तेथे उमेदवार बहुधा ओळखीचा असतो, निदान त्याचा चुलता तरी.